कार्ड कुठलं घेऊ? आधी कॅबिनेटचं झाकण काढ

कळंब्याच्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं विचारलंय: "काका, माझ्या पीसीत प्रोसेसर आय५-९४००एफ, एच३१० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय. वीज पुरवणारा एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेला, ४५० वॅटचा. मॉनिटर फुल एचडी, ६० हर्ट्झ. सायबरपंक २०७७ लावला की स्लाइड शो होतो, आणि आता व्हॅलोरंटपण मधेच अडकायला लागलंय. २५ हजार साठवलेत. मित्र म्हणतो आरटीएक्स ४०६० कार्ड घे. एक जण सेकंडहँड ३०६० देतोय. कुठलं घेऊ?"

कोल्हापुरात राजारामपुरीत १८ वर्षं पीसी जोडतोय आणि उघडून दुरुस्त करतोय. हा प्रश्न आठवड्याला दोनदा तरी काउंटरवर येतो. विचारणाऱ्याला फक्त कार्डाचं नाव ऐकायचं असतं. नाव सांगतोच शेवटी, पळून जात नाही. पण तू जे लिहिलंयस त्यात दोन वेगळी दुखणी आहेत, आणि एका गोळीनं दोन्ही जातील असं मला वाटत नाही.

सायबरपंकचं दुखणं सरळ आहे. त्या गेमच्या किमान गरजा २०२३ मध्ये वाढवल्या: १२ जीबी रॅम, ६ जीबीचं जीटीएक्स १०६०, आणि एसएसडी. तुझ्याकडे रॅम ८, कार्डाची मेमरी ४, आणि गेम बहुतेक हार्ड डिस्कवर. म्हणजे उंबऱ्याच्या आतच नाहीस. १०५० टीआय २०१६ चं. आपल्या काळात लई गाजलेलं कार्ड, मी स्वतः किती बसवली त्याचा हिशेब नाही. पण ४ जीबी भरले की उरलेली टेक्सचर्स, म्हणजे गेममधल्या वस्तूंवरची चित्रं, पीसीच्या रॅमवर ढकलली जातात. तिथं विंडोज, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड आधीच मांडी घालून बसलेत, म्हणून तिथून डिस्कवर. तुला पडद्यावर जो हिसका दिसतो तो हा प्रवास. त्यात त्या पिढीच्या कार्डांना एनव्हिडियाकडून नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्रॅम, ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालेत. कार्ड बदलायची वेळ आलीय, यात वाद नाही.

व्हॅलोरंटचं मात्र तसं नाही. व्हॅलोरंट हलका गेम, १०५० टीआयवर आरामात सेकंदाला १०० च्या वर फ्रेम, म्हणजे चित्रं, देतो. तो आधी नीट चालत होता आणि आता अडकतोय, तर कार्ड एका रात्रीत म्हातारं झालं नाही. दुसरंच काहीतरी बिघडलंय, आणि ते तसंच ठेवून २५ हजारांचं कार्ड बसवलंस तर नवं कार्डही तसंच अडकणार.

गेल्या उन्हाळ्यात शाहूपुरीतला एक पोरगा अगदी हीच तक्रार घेऊन आला होता. कार्ड नवं टाकून झालेलं, तरी व्हॅलोरंट दर दहा मिनिटांनी गचके खातंय. झाकण काढलं. प्रोसेसरवरच्या पंख्याला चार कोपऱ्यांत चार पुशपिना असतात, त्यातली एक बोर्डातून निसटून वर आलेली. पंखा फिरतोय झकास, पण खालचा ॲल्युमिनियमचा गोळा एका बाजूनं प्रोसेसरला टेकतच नव्हता. दोघांच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. प्रोसेसर १०० डिग्रीला जाऊन स्वतःच वेग कमी करत होता, जळू नये म्हणून. पेस्ट पुसली, नवी लावली, पिन दाबून बसवली. पुन्हा अडकला नाही. त्यानं विचारलं, "मग कार्डाचे पैसे वाया गेले काय?" वाया नाही म्हणालो, पण आधी इथं आला असतास तर बरं झालं असतं.

म्हणून खरेदीच्या आधी एक संध्याकाळ मोजण्यात घालव. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं. गेम खेळताना कोपऱ्यात कार्डाचा वापर किती टक्के, प्रोसेसरचा किती, दोघांचं तापमान आणि रॅम किती भरली हे दाखवायला लाव. कार्ड ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर ते पूर्ण ताकदीनं राबतंय आणि नवं कार्ड टाकलं की फरक दिसेल. कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि प्रोसेसरचे सगळे कोअर भरलेत, तर अडसर प्रोसेसरचा. याहून सोपी परीक्षा म्हणजे त्याच गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आण. फ्रेम भसकन वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. जागच्या हलल्या नाहीत तर कार्डावर पैसे घालून उपयोग नाही. काळम्मावाडीहून थेट पाइपलाइननं पाणी आणलं तरी घरातला नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली भरायला तेवढाच वेळ लागतो, तसं.

तुझ्या ९४००एफबद्दल खरं सांगायचं तर तो आता काठावर आहे. सहा कोअर, सहाच थ्रेड, म्हणजे एका वेळी सहाच कामं, २०१९ चा. सायबरपंकमध्ये गर्दीच्या चौकात तो शंभर टक्क्यांवर जाणार, कुठलंही कार्ड लाव. पण तुझा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे. सेकंदाला ६० फ्रेमच्या वर त्याला दाखवताच येत नाहीत. म्हणजे ६० च्या आसपास पोचलास की काम झालं, आणि तेवढं या प्रोसेसरला बऱ्याच गेममध्ये झेपतं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन बसला असतास तर माझं उत्तर वेगळं असतं.

रॅमचं आधी सांगतो, कारण ते स्वस्तात उरकतं. म्हणजे उरकायचं. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव वेड्यासारखे चढले. तरीही तुझ्या बोर्डात दोन स्लॉट आहेत, एक रिकामा. त्यात दुसरी ८ जीबी डीडीआर४, २६६६ ची टाक. एकच पट्टी असली की प्रोसेसर एका पदरी रस्त्यानं मेमरीशी बोलतो, दोन असल्या की दोन पदरी. सरासरी फ्रेमपेक्षा ते मधले हिसके यानं जास्त कमी होतात. रॅम सेकंडहँड घ्यायला मी घाबरत नाही. तिच्यात फिरणारं काही नाही, झिजणारं काही नाही. मेमटेस्ट हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम रात्रभर चालवायचा, एकही चूक दिसली तर परत. गेम हार्ड डिस्कवर असतील तर एसएसडीवर हलव, एवढं बोलून पुढं जातो.

आता एसएमपीएस. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण कोल्हापुरात जळालेली जेवढी कार्डं माझ्या टेबलावर येतात, त्यातल्या बहुतेकांचा दोष कार्डात नसतो.

तू लिहिलंयस "४५० वॅटचा". झाकण काढ, एसएमपीएसच्या कुशीवरचं स्टिकर वाच. मोबाईलच्या टॉर्चनं बघ, अक्षरं बारीक असतात. कॅबिनेटसोबत फुकटात येणाऱ्या डब्यांवर ४५० हा आकडा पुष्कळदा मॉडेलच्या नावातला असतो, वॅटचा नव्हेच. तुला बघायचीय ती रांग १२ व्होल्टची, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिच्यावरच जगतात. तिथं १४ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १४, १६८ वॅट. बस्स. उरलेलं ३.३ आणि ५ व्होल्टच्या रांगा मिळवून फुगवलेलं, ज्यांचा गेमिंगला काही उपयोग नाही. आता खर्च मांड. ९४००एफ ६५ वॅटचा, १०५० टीआय ७५ ची. झाले १४०, वर पंखे आणि डिस्क. म्हणजे तुझा डबा आत्ताच धापा टाकतोय. त्यावर १७० वॅटचं ३०६० लावलंस तर प्रोसेसर धरून २३५ झाले. १६८ च्या डब्यातून २३५ ओढायचे. लहान पोराच्या खांद्यावर सिमेंटचं पोतं दिल्यासारखं.

आणि मग जुगाड सुरू होतो. बोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढचं ६ पिनच्या वायरीतून आणखी ७५, किंवा ८ पिनच्या वायरीतून १५०. लोकल डब्याला ही वायर नसतेच. मग दोन मोलेक्सची, म्हणजे जुन्या चार पिनच्या वायरींची, एक ८ पिन करणारं पन्नास-शंभर रुपयांचं कन्व्हर्टर लावतात. एकदा एकानं असा पीसी आणला होता, आणताना प्लास्टिक जळाल्याचा वास गाडीभर. पिवळ्या वायरीचं कनेक्टर वितळून मोलेक्सला चिकटलेलं, वेगळं करायला पक्कड लागली. कार्ड वाचलं, बोर्ड गेला. तेव्हापासून ते कन्व्हर्टर मी दुकानात ठेवत नाही. मागायला आलेल्याला नाही म्हणून सांगतो, रागावला तरी चालेल.

म्हणून तुझ्या २५ हजारांतले साधारण चार हजार ५५० वॅटच्या, ८० प्लस ब्रॉन्झच्या (म्हणजे वीज कमी वाया घालवतो असा शिक्का असलेल्या) एसएमपीएसला बाजूला काढ. हा पैसा पडद्यावर दिसत नाही, मित्रांना दाखवता येत नाही, म्हणून पोरं टाळतात. पण चांगला एसएमपीएस पुढच्या पीसीतही चालतो. आपल्याकडं पावसाळ्यात लाइट जाते-येते, तेव्हा परत येणारा झटका आधी त्यालाच बसतो. आणि घरातल्या त्या प्लगला अर्थिंग आहे का बघून घे. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर अर्थिंग नाही, वायरमनला बोलव.

यूपीएस असेल तर आणखी एक. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचा. ३०६० लावून गेम चालू असताना लाइट गेली तर प्रोसेसर, कार्ड आणि मॉनिटर मिळून तो बराचसा भरलेला असतो. मिनिटभरात सेव्ह करून बंद करायचं. "मॅच संपवू दे" म्हणत बसलास तर तो मधेच बंद पडणार.

आता कार्ड. रॅम आणि एसएमपीएस वजा जाऊन तुझ्याकडे अठरा-एकोणीस हजार उरतील असं धरतो.

मित्र म्हणतो ते ४०६० चांगलं कार्ड आहे, ११५ वॅटमध्ये राबतं, थंड राहतं. पण एसएमपीएस धरून नवं तुझ्या पैशात बसत नाही. आणि दुसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. ४०६० बोर्डाशी आठच लेनवर, म्हणजे आठच रस्त्यांवर, बोलतं. नव्या बोर्डावर त्या लेन पुरेशा रुंद असतात. तुझ्या एच३१० वर कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी, पीसीआय एक्सप्रेस ३.०, म्हणजे त्याच आठ लेन, पण निम्म्या वेगाच्या. कार्डाच्या ८ जीबीत सगळं मावतंय तोवर फार फरक पडत नाही, थोड्या फ्रेम जातात. मेमरी ओसंडली की मात्र झटके जाणवतात. वर्ष-दोन वर्षांत बोर्ड-प्रोसेसर बदलणार असशील तर ४०६० किंवा ५०६० च्या वाटेला जा. पीसी असाच आणखी तीन वर्षं ओढायचा असेल तर नको.

३०६० ला पूर्ण १६ लेन आहेत, आणि मेमरी १२ जीबी. जुन्या बोर्डावर हे कार्ड जास्त समंजसपणे वागतं, माझा अनुभव तसा आहे. फक्त समोरचा देतोय ते १२ जीबीचंच आहे ना बघ. त्याच नावानं ८ जीबीचंही एक निघालं होतं, त्याची मेमरीची वाट अरुंद आणि वेगही कमी. नाव तेच, माल वेगळा.

सेकंडहँडवर विश्वास बसत नसेल तर आरएक्स ६६०० नवं. १३२ वॅट, ८ जीबी, तेही आठ लेनचं, पण १०८० साठी पैसे वसूल. आजचा भाव दोन-तीन दुकानांत विचार, हे आकडे आठवड्याला हलतात. आणि एसएमपीएसला हातच लावायचा नसेल, घरच्यांना एकदम एवढा खर्च पटत नसेल, तर ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल आहे. ७० वॅटचं, वेगळी वायर नको, १०५० टीआयच्या जागी सरळ बसतं. उडी छोटी आहे, पण सुरक्षित. आरएक्स ६५०० एक्सटीच्या नादाला मात्र लागू नकोस. चारच लेन, ४ जीबी मेमरी, तुझ्या बोर्डावर त्याचा दम निम्म्यात निघतो. इंटेलचं आर्कही तुझ्यासाठी नाही, त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम उघडी करणारी सोय) लागतो आणि तो तुझ्या पिढीच्या पुढचा मामला.

आत्तापर्यंतचं एका दमात: आधी मोजणी आणि पंख्याची साफसफाई, मग दुसरी रॅम, मग एसएमपीएस, मग ३०६० चं १२ जीबी जर ते खालच्या परीक्षेत उतरलं तर. नाहीतर ६६०० नवं.

परीक्षा कशी घ्यायची? इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद पडलं आणि हजारो कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे कचरा असं नाही, सारखं एकाच तापमानात चाललेलं कार्ड रोज तापून थंड होणाऱ्यापेक्षा कधीकधी बरं निघतं. पण पंख्यांच्या बेअरिंग गेलेल्या असतात आणि मेमरीवरचे थर्मल पॅड वाळलेले. कार्ड पीसीत लावूनच बघायचं, हातात घेऊन नाही. जीपीयू-झेड हा कार्डाची ओळख दाखवणारा प्रोग्रॅम चालव. नकली कार्ड असेल, म्हणजे जुन्या चिपवर नव्या नावाचा बायोस (कार्डातला मूळ प्रोग्रॅम) चढवलेलं, तर ते बहुतेक वेळा नावापुढेच फेक लिहून दाखवतं. मग अर्धा तास एखादा जड गेम चालव आणि पडद्यावर ठिपके, रंगीत रेघा, अचानक काळा पडदा असं काही येतं का बघ. आवाज ऐक. पंख्याची घरघर दोनशे रुपयांत जाते, पडद्यावरच्या रेघा जात नाहीत.

आपल्या जिल्ह्यापुरतं एक जास्तीचं. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरात, दुकानात शिरलं, आणि पाण्यात राहिलेले पीसी धुऊन वाळवून नंतर विकले गेले. त्यातली काही कार्डं अजून फिरताहेत. ३०६० हे २०२१ चं कार्ड, म्हणजे दुसऱ्या पुरात सापडलेलं असू शकतं. मागच्या पत्र्याचे स्क्रू बघ, गंजलेत का. एचडीएमआयच्या तोंडात डोकाव, हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते का. स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी दातांच्या कडेला काळसर डाग आहेत का. यातलं एक जरी असलं तरी स्वस्त म्हणून भुलू नकोस. आणि बिल माग. ज्याच्याकडं मूळ बिल आणि त्यावरचा सीरियल नंबर जुळतो, त्याला हजार रुपये जास्त दिले तरी चालतात.

घरी आणण्याआधी कॅबिनेटमध्ये मोजपट्टी घाल. मागच्या पत्र्यापासून पुढच्या पंख्यापर्यंत किती मिलिमीटर मिळतात ते लिहून घे आणि कार्डाच्या लांबीशी ताड. तीन पंख्यांचं कार्ड छोट्या कॅबिनेटात हार्ड डिस्कच्या खणाला अडतं, मग लोक पत्रा कापतात. आणि आतली धूळ काढ. वडील उद्यमनगरात किंवा शिरोलीला फाउंड्रीत असतील आणि पीसी तिथल्या ऑफिसातून आलेला असेल तर जरा जास्तच जपून. ती काळी धूळ बिडाची असते, तिच्यातून वीज वाहते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, मोकळं फिरू दिलंस तर बेअरिंग जातं.

बसवताना: जुने ड्रायव्हर डीडीयू नावाच्या प्रोग्रॅमनं काढ, पीसी बंद, प्लग बाहेर, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धर. स्लॉटच्या टोकाची खिटी दाबून जुनं कार्ड काढ. नवं बसलं की खिटीचा टक असा आवाज यायलाच हवा. ८ पिनची वायर एसएमपीएसवर पीसीआय-ई लिहिलेली असते तीच लाव, प्रोसेसरची दिसायला तशीच असते पण तिच्यासाठी नाही. आत जात नसेल तर जोर लावू नकोस, चुकीची धरलीयस. मॉनिटरची वायर कार्डाला. तुझ्या प्रोसेसरच्या नावातल्या एफचा अर्थ त्याच्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळं बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये वायर घातलीस तर पडदा काळाच राहणार. "नवं कार्ड डेड आहे" म्हणून आलेले निम्मे लोक माझ्याकडून वायर बदलून घेऊन गेलेत.

त्याच एफमुळं शेवटची गोष्ट. १०५० टीआय विकून दोन-अडीच हजार येतील म्हणून लगेच विकू नकोस. नवं कार्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर ते परत येईपर्यंत तुझा पीसी चालूच होणार नाही, असाइनमेंट सबमिशनसुद्धा नाही. बबल रॅपमध्ये गुंडाळून कपाटात ठेव. आणि कार्डाच्या आधी एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो टाक इथं, १२ व्होल्टची रांग दिसेल असा.